पायऱ्यांवरची भिंत

सातारा,
२१ जानेवारी १९४६

चि. हंबीर,

आशीर्वाद. पाकिटावर माझ्या नावाआधी 'गं. भा.' लिहीत जाऊ नकोस. मी विधवा आहे हे पोस्टमनला कळून त्याचा काही उपयोग नसतो. त्याला पेठेचं नाव पुरतं.

पलटणीतून पेन्शनीवर येऊन तुला महिनाच झाला आणि माळेवाडीचं दुखणं तुझ्या डोळ्यांवर आलं, हे बरं झालं. इतकी वर्षं तू रजेवर यायचास तो दिवाळीला. नारू दिवाळीला नसतो, उन्हाळ्यात असतो. गेल्या उन्हाळ्यात तुझा लेक कृष्णात दोन्ही पाय सुजून खाटेवर पडला, पेरणी हुकली, आणि सुनेने, शालूबाईने, एकटीने बैल सांभाळले, हे नवऱ्याला काळजी नको म्हणून राहीने तुला पत्रात कळवलं नव्हतं. मला कळवलं होतं.

तू विचारतोस, नारूवर औषध कोणतं. औषध नाही. पायातून बाहेर येणारा तो किड्याचा दोरा काडीवर रोज थोडा गुंडाळायचा. ओढून तोडला तर पाय सडतो. हे गावाला माहीत आहे. माहीत नाही ते असं, की नारू येतो आपल्या पायऱ्यांच्या विहिरीतून. ज्याच्या पायाला फोड आलाय तो पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो. फोडातून नारूची बारीक पिलं पाण्यात पडतात. पाण्यातले ठिपक्याएवढे जीव ती खातात, आणि ते जीव आपण तांब्यातून पितो. कॉलेजात असताना मी ते जीव सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिलेत. मागच्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांना पुन्हा विचारून घेतलं. तेही हेच म्हणाले.

तेव्हा पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घाल. पलीकडच्या काठावर चाक बसव, पोहऱ्याने पाणी वर ओढा. कुणाचा पाय पाण्याला लागता कामा नये. आणि घरोघर दुहेरी धोतराच्या फडक्याने पाणी गाळा.

आता नीट वाच. आज प्यायलेल्या पाण्याचा नारू पायातून बाहेर पडायला वर्ष लागतं. यंदा भिंत घातलीस तरी यंदाचा नारू येणारच, कारण तो गेल्या उन्हाळ्यात पोटात गेलेला आहे. फळ पुढच्या वैशाखात. भिंतीच्या आधी हे गावाला सांग.

मनूआक्का


माळेवाडी,
३ मार्च १९४६

तीर्थरूप आक्का,

हंबीरचा नमस्कार. हुकूम बजावला आहे.

सिमेंट परमिटाशिवाय मिळेना, म्हणून चुन्यात बांधकाम केलं. सांगलीला जाऊन लोखंडी चाक आणलं. दुकानदार म्हणाला, "सुभेदार, हे विहिरीला लय जड व्हईल." मी म्हटलं, गड्या, तोफ ओढलीय मी, चाकाचं काय सांगतोस! ज्ञानू गवंड्याने भिंत पुरुषभर उंच घेतली. चाकाचा आवाज ऐकून पहिले दोन दिवस बैल बुजत होते, आता माणसंच तेवढी कुरकुरतात.

पंचांना राजी करणं सोपं नव्हतं. नानासो पाटील म्हणाले, "आमच्या आज्यापासनं उतरून पाणी भरत्यात. आज्याला अक्कल न्हवती का?" मग मारुतीच्या देवळापुढं मी सभा घेतली. पलटणीत पाण्याच्या टाकीवर बंदूकधारी पहारा असायचा, हे सांगितलं. भाषण असं झालं की शेवटी नानासोंनीच टाळी वाजवली.

फडकी राहीने वाटली. तिची जुनी लुगडीसुद्धा त्यात गेली, त्यावरून माझ्यावर राग आहे.

शालूबाईला दिवस गेलेत, वैशाखात मोकळी होईल. कृष्णात बरा आहे.

हंबीर


सातारा,
८ मार्च १९४६

चि. हंबीर,

भिंत झाली, उत्तम. फडकी गेली, तेही उत्तम. राहीला लुगडं मी पाठवते.

तुझ्या पत्रात चाकावर आठ ओळी आहेत, भाषणावर सहा. वर्षभर थांबावं लागेल हे गावाला सांगितलंस की नाही, त्यावर एकही नाही. उलट टपाली कळव.

मनूआक्का


माळेवाडी,
१९ मे १९४६

तीर्थरूप आक्का,

उलट टपाली कळवलं नाही, त्याचं कारण आता लिहितो.

मी सांगितलं नव्हतं. सभेत टाळ्या पडत होत्या. त्या भरात मी म्हणालो, "भिंत झाली की नारू गेलाच समजा!" वर्षभर थांबा म्हटलं असतं तर एकानेही दगड उचलला नसता. मला वाटलं, यंदा थोडा कमी येईल आणि निभावून जाईल.

कमी आला नाही. चैत्रापासून घरोघर माणसं पडली आहेत. आपला कृष्णात पुन्हा डाव्या पायाने अडला. धुळा धनगराची बायको दगडाबाई धनगरवाड्यावरून काठी टेकत विहिरीपर्यंत आली आणि भिंतीला कपाळ लावून रडली. तिच्या पायाची आग होते, तो पाण्यात बुडवल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

पायऱ्यांवरच्या कोनाड्यात साती आसरांचे दगड आहेत, तुला आठवत असतील. मी ते भिंतीआड केले. आता गाव म्हणतं, जळातल्या देवींना अंधारात कोंडलं, म्हणून त्या खवळल्या. नानासो परवा सगळ्यांदेखत म्हणाले, "सुभेदार, तुमी जर्मनाला हटवलं असंल. आसरा काय जर्मन न्हाईत."

गाव मी सांभाळलं असतं. घर सांभाळता येईना. शालूबाई बाळंत झाली, मुलगी आहे, दोघी खुशाल. सव्वा महिन्याने बाळंतिणीने विहिरीला जाऊन आसरा पुजायच्या असतात. त्याशिवाय पोर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. शालूबाई मला तोंडावर काही बोलत नाही, पण राहीजवळ म्हणाली, "मामंजींची भित हाय तवर मी लेकराला भाईर काढणार न्हाई." राहीने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. सव्वा महिना भरण्याआधी भिंत फोडायची असं पंचांत ठरलं. पहिला घाव माझ्याच घरातून पडेल असं दिसतंय.

काय करू?

हंबीर


सातारा,
२४ मे १९४६

चि. हंबीर,

तू खोटं बोलला नाहीस, अर्धं बोललास. खोटं बोलला असतास तर लोकांनी तेव्हाच पकडलं असतं. अर्धं तेव्हा पकडता येत नाही. ते आपल्या वेळेला फुटतं.

आता सभा घे आणि उरलेलं अर्धं सांग. टाळ्या पडणार नाहीत, त्याची सवय कर.

दगडाबाईला सांग, परातीत विहिरीचं पाणी घेऊन त्यात पाय बुडव. तेच पाणी, तोच गारवा. मग ती परात बांधावर ओत, विहिरीच्या आसपास नको.

आसरांचं एवढं काय घेऊन बसलास? दगड आहेत. भिंतीला भगदाड पाडून वर काढ, चाकाशेजारी लिंबाखाली मांड, पुन्हा भगदाड बुजव. सकाळभराचं काम आहे.

नातीला माझा आशीर्वाद.

मनूआक्का


माळेवाडी,
५ जून १९४६

तीर्थरूप आक्का,

सभा घेतली. सगळं सांगितलं, माझी चूक पदरात घेऊन सांगितलं. मंडळी हसली. नानासो म्हणाले, "यंदा म्हणता फुडल्या साली. फुडल्या साली म्हणाल आनखी एक साल. सुभेदार, नारू हाय का पेन्शन?" त्यावर पोट धरून हसले सगळे. मीही हसलो असतो, माझ्यावर नसतं तर.

दगड वर काढायची गोष्ट काढली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. धोंडुबाईला बोलावलं. आसरांचा नैवेद्य पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच घरून जातो. ती म्हणाली, "याला पुरुषाचा हात चालत न्हाई. सुनांचाबी न्हाई, त्या परक्या घरच्या. आसरा या गावच्या लेकी हायत. त्यास्नी लेकीनंच हात धरून वर आनायचं, त्येबी सगळ्यांत थोरलीनं." मग बायांनी बसून विचार केला. गावच्या हयात लेकींत सगळ्यांत थोरली तू निघालीस.

मी लपवलं नाही, आक्का. मी म्हटलं, माझी बहीण लहानपणीच विधवा झाली, तिचा हात ओटीला चालेल का? धोंडुबाई माझ्यावरच खेकसली. "आसरास्नी तरी कुटं दादला हाय रं? साती जणी बिनलग्नाच्या. त्या काय कुंकू बघून वर येनार हायत?"

तुला हे पटायचं नाही, ठाऊक आहे. देवादिकांवरून तू वडिलांशीसुद्धा भांडली आहेस. पण तू आलीस तर भिंत राहते. नाही आलीस तर वीस तारखेला फुटते, आणि मग माझ्या हयातीत या गावात दुसरी उभी राहणार नाही. कृष्णात दरसाल खाटेवर पडेल, आणि ही पोरगी चालायला लागली की तिच्याही पायाला दोरा लागेल.

हंबीर


सातारा,
१० जून १९४६

चि. हंबीर,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. आता वेळ नाही.

शाळेत मी मुलींना जन्मभर सांगत आले की दगडाला भिऊ नका. ते मला मोडायचं नाही. म्हणून माझ्या अटी आधीच लिहिते. मी दगड उचलीन. पण आसरांनी मला स्वप्नात काही सांगितलं, दृष्टांत दिला, असं काही मी म्हणणार नाही. कुणी माझ्या वतीने म्हटलं तर तिथेच खोडून काढीन. देवीच्या नावावर भिंत टिकवायची असेल तर ती न टिकलेली बरी. उद्या दुसरा कुणी देवीच्या नावावर ती फोडील. आणि दगड उचलण्याआधी मी बायांशी बोलेन. पुरुषांची सभा तू दोनदा घेतलीस, पाणी भरणाऱ्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही.

अठराला सातारारोडला गाडीत बसेन, मिरजेला छोट्या गाडीत. कवठे महांकाळ स्टेशनवर बैलगाडी घेऊन तू स्वतः ये.

मनूआक्का


सातारा,
१ जुलै १९४६

चि. हंबीर,

सुखरूप पोचले. बैलगाडीने कंबर धरली, ती अजून सोडत नाही.

तुम्हा पुरुषांना धोंडुबाईने वेशीपलीकडे पिटाळलं होतं, त्यामुळे विहिरीवर काय झालं ते तुला राहीने सांगितलं तेवढंच ठाऊक असणार. राही तिखटमीठ लावून सांगते. मी घडलं तसं लिहिते.

भिंतीला ज्ञानूने भगदाड पाडून ठेवलं होतं. मी त्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि म्हटलं, आधी ऐका, मग दगड. पाण्यातल्या जिवांचं सांगितलं. बाया चुळबुळत होत्या. मग सांगितलं, नारू पोटात गेला की बारा महिने आत वाढतो आणि मग पायातून निघतो. तशी हरणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आगं बया! लेकराला नऊ म्हैनं, आन्‌ या मुडद्याला बारा?"

सगळ्या हसल्या. पण तुझ्या सभेत हसले तसं नव्हे. दुसरी लगेच म्हणाली, "मंजी यंदा जो भाईर पडतोय, तो गेल्या उन्हाळ्यातच ऱ्हायलेला." तिसरी म्हणाली, "मग भित घालून यंदाचा कसा थांबंल? पोटातलं पोर काय दार लावल्यानं थांबतं?" हंबीर, तुमच्या देवळापुढे दोन सभांत जे पटलं नाही ते तिथे भाकरी थापायला लागतो तेवढ्या वेळात पटलं. ज्यांना दिवस मोजत वाट बघायची सवय आहे, त्यांना मी काही नवीन सांगत नव्हते.

मी पुढचंही सांगितलं. भिंतीआधी प्यायलेल्या पाण्याचे दोन-चार जण माघ-फाल्गुनात निघतील, तेव्हा ओरडू नका. वैशाख स्वच्छ जायला हवा. तो गेला नाही तर मी स्वतः पहार घेऊन येईन.

मग उतरले. धोंडुबाई मागे होती. एवढ्यात दगडाबाई काठी टाकून भगदाडातून आत शिरली. मी हात आडवा धरला. ती म्हणाली, "आवं बाई, एकडाव पाय बुडवू द्या. मग आसरा न्या कुटं न्यायच्या त्या." तिचा फोड फुटलेला होता. मी नाही म्हटलं. ती रडली, मला तिच्या धनगरी बोलीत शिव्या दिल्या, त्यांतल्या निम्म्या मला नवीन होत्या. शेवटी शालूबाई, तुझी सून, पदराखाली झाकून आणलेलं मूल राहीकडे देऊन पुढे झाली. तिने चाकावरून पोहरा ओढला, परातीत ओतला, दगडाबाईचा पाय स्वतःच्या हाताने त्यात ठेवला. "मावशी, ह्येबी तिचंच पानी हाय," एवढंच म्हणाली. मी तिला काही पढवलं नव्हतं.

दगड शेंदराने कोनाड्याला चिकटून बसले होते, उलथन्याने सोडवले. सात म्हणता आठ निघाले. मी आठवा तिथेच ठेवणार, तर धोंडुबाई म्हणाली, "त्यो म्हसोबा. भाऊ हाय त्येंचा. भनी वर आल्या आन्‌ भाऊ खाली कुजत ठेवायचा व्हय?" तोही घेतला. सातांपेक्षा तो एकटा जड होता. मला आश्चर्य वाटलं नाही.

शालूबाईने लिंबाखाली पूजा केली, मगच पोर पदराबाहेर उन्हात काढलं. माझ्या कपाळाला कुणी कुंकू लावलं नाही, आणि कुणी बाजूलाही सारलं नाही. ज्ञानूने भगदाड त्याच दुपारी बुजवलं हे मी स्वतः पाहून निघाले.

आता फक्त वाट बघायची. गाळायचं फडकं आठवड्यातून एकदा उकळून घ्या. विसरशील, म्हणून हे राहीला वाचून दाखव.

मनूआक्का


माळेवाडी,
१४ मार्च १९४७

तीर्थरूप आक्का,

तू म्हणालीस तसंच होतंय. माघात दोघे, फाल्गुनात दोघे पडले. नानासो लगेच पारावर येऊन बसले. "सुभेदार, पाव्हनं आलं." विहिरीवरून घागर घेऊन हरणाबाई चालली होती, ती थांबून म्हणाली, "पाटील, मागल्या माघातलं हायती ते. दिस भरल्यात त्येंचं. तुमी कशाला कळा देताय?" नानासो पान थुंकायला उठले ते परत बसले नाहीत.

पण रात्री माझा डोळा लागत नाही. सकाळी उठलो की आधी कृष्णातच्या पायाकडे बघतो. तो चिडतो, म्हणतो, "आबा, पाय हायत, परेड न्हाई." पोर रांगायला लागली आहे. धनगर अजून परमुलखात आहेत.

हंबीर


सातारा,
२० मार्च १९४७

चि. हंबीर,

चौघे म्हणजे ठीक. काळजी करायची असेल तर वैशाखात कर. मीही तेव्हाच करायची असं ठरवलं आहे, पण जमत नाही.

मधूनमधून अर्धवट बातम्या पाठवू नकोस. वैशाख सरल्यावर एकदाच, पूर्ण लिही.

मनूआक्का


माळेवाडी,
४ जून १९४७

तीर्थरूप आक्का,

वैशाख सरला. ज्येष्ठही निम्मा झाला. मुद्दाम थांबलो. अर्धं सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

लिहिण्याआधी राही आणि मी दोघं घरोघर फिरलो. ती बायांना विचारायची, मी गड्यांना. गावात नव्याने एकही माणूस पडलेला नाही. गेल्या साली ज्या घरात तिघे-तिघे खाटेवर होते, तिथे खाटा भिंतीला उभ्या करून ठेवल्या आहेत. कृष्णातने कुळव धरला आहे, माळाचं रान तयार केलं. दोन्ही पायांवर उभा राहून मला उलट उत्तरं देतो.

नारू फक्त धनगरवाड्यावर आहे. धुळा आणि त्याची दगडाबाई गेल्या साली चैत्रापर्यंत मेंढरं घेऊन बाहेर फिरत होती, तिकडच्या डबक्यांचं पाणी प्यायली. त्याचे दिवस आता भरले, यंदा परतल्यावर दोघांचे पाय फुटले. दगडाबाई विहिरीला आली, भिंतीपासून दहा पावलांवर बसली, आणि पुढं होऊन पाणी मागेना. लांबूनच ओरडली, "पोरींनो, परात आना! माझा पाय तिकडं येनार न्हाई." शालूबाईनेच परात नेली. आता धुळा विचारतो, मेंढरांमागं फिरताना गाळायला फडकं कसं न्यायचं? राहीने त्याच्या पागोट्याचं टोक फाडून दिलं.

नानासो काल घरी आले. भिंतीचं नाव काढलं नाही. चहा घेतला, नातीला मांडीवर घेतलं, तिचे पाय उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "सुभेदार, आमच्या खालच्या मळ्यातल्या हिरीलाबी पायऱ्या हायत." मग उठून गेले. मी ज्ञानूला निरोप धाडला आहे.

आक्का, माझ्या घरात कुणाच्याही पायाला काही नाही. पुन्हा लिहितो, म्हणजे तुला परत वाचावं लागणार नाही. कुणाच्याही पायाला काही नाही.

हंबीर


सातारा,
९ जून १९४७

चि. हंबीर,

पत्र सकाळी मिळालं. तू दोनदा लिहिलंस तरी मी परत वाचलं.

नानासोंच्या विहिरीच्या वेळी सभेत वर्षाची गोष्ट सगळ्यांत आधी सांग. नाहीतर हरणाबाईला बोलायला उभी कर, म्हणजे तुला बोलावं लागणार नाही.

आणखीही बरंच लिहायचं होतं. फडक्यांबद्दल, धनगरांच्या पाण्याबद्दल. ते उद्या लिहीन. आज पत्र वाचून झाल्यावर चूल विझवली आणि ओसरीवर येऊन बसले. शेजारच्या बनाबाई दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा आत येऊन त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. "आक्का, बरं वाटत न्हाई व्हय?" मी म्हटलं, "बरं वाटतंय." त्यांना ते पटलं नाही. दुपारच्या वेळी मला नुसती बसलेली त्यांनी कधी पाहिलेली नाही.

मी उठले नाही. दिवेलागण झाली तरी तिथेच बसून होते.

मनूआक्का